मध्यावरची झीज

गाडी आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ सरळच चालते. घाटातली वळणे, चौकातली गर्दी आणि अरुंद गल्लीतून गाडी उलटी काढताना केलेली ओढाताण आपल्या लक्षात राहते. परंतु किलोमीटरांचा हिशेब मांडला तर त्यात सरळ रस्त्याचाच वाटा सर्वांत मोठा निघतो. त्यामुळे स्टीअरिंगच्या साखळीतला जवळजवळ प्रत्येक भाग, चाके सरळ असताना ज्या जागी असतो त्याच जागी सर्वाधिक झिजतो आणि स्टीअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर ज्या जागी पोहोचतो तिथे बराचसा नव्यासारखा शिल्लक राहतो. जुन्या गाडीचे स्टीअरिंग दुरुस्त करताना हे एवढे ध्यानात ठेवले, तर कोणता भाग बदलावा, कोणता जुळवून घ्यावा आणि कोणत्या स्क्रूला शेवटपर्यंत हात लावू नये, हे बरेचसे ठरत जाते.

माझ्याकडची गाडी प्रीमिअर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, मूळ इटालियन फियाट ११००च्या आराखड्यावर ती तयार होत असे, आणि आमच्या घरात व गॅरेजात आजही तिला सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी ताकद, स्टीअरिंगच्या दांड्यालगतचा हँडगिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक अशी तिची साधी मांडणी आहे. या गाडीच्या पुढच्या भागाचे सगळे काम यंदा एकदम काढले. त्यासाठी पुण्यात भवानी पेठेतल्या एका मिस्त्रींच्या गॅरेजात मी बऱ्याच दुपारी बसले, आणि त्यातून जे समजले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण हे काम करणारे हात आता कमी होत चालले आहेत.

आधी रचना सांगायला हवी. आजच्या बहुतेक मोटारींत रॅक आणि पिनियन असते. म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाचे दातेरी चाक एका आडव्या दातेरी दांड्याला सरळ डावीउजवीकडे ढकलते. पद्मिनीत तसे नाही. चालकाच्या पुढ्यात, उजव्या बाजूला, स्टीअरिंगचा दांडा एका ओतीव बॉक्समध्ये उतरतो आणि त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असलेला वर्म असतो. या आट्यांत अडकून सेक्टर शाफ्ट थोडासा फिरतो, आणि त्याच्या खालच्या टोकाला पक्का बसवलेला ड्रॉप आर्म झुलतो. ड्रॉप आर्मपासून गाडीच्या पोटाखालून एक मधला दांडा डाव्या बाजूच्या आयडलर आर्मपर्यंत जातो. या दोन आर्मपासून दोन बाजूंचे टायरॉड चाकांकडे जातात, आणि चाके किंगपिन नावाच्या उभ्या पिनेभोवती वळतात. दांड्यांच्या प्रत्येक टोकाला खांद्याच्या सांध्यासारखा, वाटीत फिरणारा गोळा असतो. म्हणजे हात आणि रस्ता यांच्यामध्ये एक बॉक्स, एक आयडलर, सहा गोळे आणि दोन किंगपिना येतात, आणि त्यांतला प्रत्येक भाग आपापल्या परीने थोडा झिजलेला असतो. एकेकट्याची झीज नगण्य असते. चालकाच्या हाताला जाणवतो तो या सर्वांच्या झिजेची बेरीज होऊन आलेला प्ले, म्हणजे चाके न वळता स्टीअरिंग जेवढे मोकळे फिरते ते.

ही बेरीज इतक्या सावकाश वाढते, की रोज तीच गाडी चालवणाऱ्याचा हात तिच्याबरोबर बदलत जातो. सरळ रस्त्यावर स्टीअरिंगला सतत बारीक हेलकावे देत राहणे ही त्याला गाडी चालवण्याची स्वाभाविक रीत वाटू लागते. म्हणूनच जुन्या गाडीचा प्ले प्रथम दुसऱ्या कोणाला तरी जाणवतो; नुकतीच दुसरी गाडी चालवून आलेला माणूस बसताक्षणीच विचारतो, की हे स्टीअरिंग असे का सैल आहे. त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सवयीखेरीज आणखी एक गोष्ट फसवते. घाटात सैल स्टीअरिंग घट्ट वाटते. वळणात गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते, चाके दांड्यांना एकाच दिशेने दाबून धरतात, त्यामुळे सगळ्या सांध्यांतली मोकळी जागा एका बाजूला मिटून जाते आणि हाताला गाडी नीट बांधलेली भासते. खंबाटकीच्या चढावर अगदी शहाण्यासारखी वागणारी गाडी पुढे सातारच्या सरळ महामार्गावर आली की भरकटू लागते, कारण तिथे चाकांवर बाजूचा दाब नसतो आणि ती त्या मोकळ्या जागेत मधोमध तरंगत राहतात. शेजारून ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला किंवा रस्त्याच्या कडेचा उतार लागला, की गाडी एकीकडे सरकते. आणि चालक स्टीअरिंग फिरवतो तेव्हा त्याची पहिली हालचाल केवळ प्ले भरून काढण्यात खर्च होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. हाताने फिरवणे आणि चाकाने ऐकणे यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडले, तर तेवढ्या वेळात आठ मीटर रस्ता मागे पडलेला असतो.

कायद्यानेही या बाबतीत एक मर्यादा घालून दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या नियम ९८ प्रमाणे स्टीअरिंगच्या चाकावरचा प्ले ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, दांड्यांच्या सर्व गोळ्यांवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना सुटू नयेत अशा रीतीने अडकवलेल्या असल्या पाहिजेत. यातली शेवटची दोन कलमे फार मोलाची आहेत. पहिल्याविषयी मात्र मला एवढेच म्हणायचे आहे, की ३० अंश ही वापरायोग्यतेची शेवटची हद्द आहे, चांगल्या गाडीचे लक्षण नव्हे. ४० सेंटिमीटर व्यासाचे चाक धरले, तर त्याच्या कडेवर ३० अंश म्हणजे सुमारे साडेदहा सेंटिमीटर होतात, आणि तेवढे चाक फिरेपर्यंत गाडीने काहीच ऐकू नये हे मला कोणत्याही रस्त्यावर मान्य होण्यासारखे नाही. जुन्या पद्धतीच्या बॉक्समध्ये थोडा प्ले असणारच. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत तो समजून घ्यावा, त्यापुढे मात्र गाडीखाली जावे.

गाडीखाली जाऊन पाहण्याची एक रीत आहे, आणि तिच्यात घाई करता येत नाही. मिस्त्रींनी सर्वांत आधी बॉक्स ज्या बोल्टांनी गाडीच्या पत्र्याला धरलेला असतो ते बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचा पत्रा पाहिला. बोल्ट ढिले असतील किंवा पत्र्याला चीर गेलेली असेल, तर स्टीअरिंग फिरवताना बॉक्सच जागचा हलतो, आणि मग पुढचे सगळे सांधे नवे बसवले तरी उपयोग होत नाही. त्यानंतर त्यांनी मला आत बसवले. "ताई, पूर्ण फिरवू नका, नुसते डावे-उजवे हलवत राहा," असे सांगून ते खाली आडवे झाले. या वेळी गाडी जॅकवर नसते. चाके जमिनीवर, वजनाखाली असतात, कारण त्यांनी जागचे हलायला नकार दिला तरच मधल्या सांध्यांतली मोकळीक उघडी पडते. खाली झोपलेला माणूस प्रत्येक सांध्यावर असे बोट ठेवतो, की त्याचा अर्धा भाग वाटीवर आणि अर्धा दांड्यावर टेकलेला असावा. दोन्ही भाग बरोबर हलले तर सांधा चांगला, आणि एक हलून दुसरा किंचित उशिरा हलला तर तो गेलेला. दिव्याच्या उजेडात डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटर त्या बोटाला स्पष्ट कळतो. ड्रॉप आर्मपासून सुरुवात करून मधला दांडा, आयडलर, बाजूचे टायरॉड असे करत चाकापर्यंत जायचे, आणि हालचाल कुठे कुठे हरवते हे नोंदवत जायचे.

आमच्या गाडीत ती अनेक ठिकाणी हरवत होती. डाव्या टायरॉडचा बाहेरचा गोळा तर रबरी टोपी फाटून धूळ आत गेल्यामुळे पूर्ण खराब झालेला होता. गोळा झिजण्यापूर्वी बहुधा टोपीच फाटते. ग्रीस बाहेर येते, माती आत जाते आणि तीच ग्रीसमध्ये मिसळून पॉलिशची पेस्ट तयार होते. आयडलरचे बुश, म्हणजे आतली पिन ज्यात फिरते ती नळी, अंडाकृती झाले होते, आणि ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते, कारण आयडलर डाव्या बाजूला, चालकापासून दूर, काहीच न करता नुसता आधार देणारा भाग वाटतो. प्रत्यक्षात तो खाली-वर डोलू लागला की मधल्या दांड्याचे एक टोक खाली-वर होते, डाव्या टायरॉडचा कोन बदलतो आणि खड्ड्यातून जाताना डावे चाक आपल्या मर्जीने थोडेसे वळते.

त्यानंतर पुढची चाके जॅकवर घेऊन, खाली घोड्या लावून किंगपिना तपासल्या. चाक वरच्या आणि खालच्या बाजूने धरून आतबाहेर हलवायचे. हलले तर एक तर चाकाचे बेअरिंग ढिले असते किंवा किंगपिनचे बुश गेलेले असतात. हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसते, आणि त्यांतला फरक ओळखण्याची युक्ती मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटली. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक लागला की ड्रम आणि त्यामागची प्लेट एकजीव होतात, बेअरिंगमधली मोकळीक नाहीशी होते. तरीही चाक हलत राहिले, तर दोष किंगपिनचाच असतो. आमच्याकडे उजवीकडचे हलणे ब्रेक दाबताच थांबले, डावीकडचे थांबले नाही.

किंगपिनचे काम गाडीतल्या सर्वांत कष्टाच्या कामांपैकी एक आहे. वर्षानुवर्षे ग्रीस न पोहोचलेली पिन आपल्या भोकात गंजून घट्ट बसते. तिला अडकवणारी छोटी पिन आधी काढायची, मग गॅसने थोडी ऊब द्यायची, प्रेसखाली दाबायची आणि हातोड्याचा मोह आवरायचा, कारण ठोकून टोक पसरले की पिन कायमची अडकते. नवे बुश दाबून बसवले तरी ते लगेच मापात नसतात. ते रीमरने, म्हणजे भोक बारीक तासून मापात आणणाऱ्या हत्याराने, पिनच्या मापाला आणावे लागतात, आणि वरचा व खालचा बुश एकाच सरळ रेषेत रीमर करावा लागतो. दोन्ही वेगवेगळे केले तर पिन एकाला चिकटते आणि दुसऱ्यात सैल राहते. बुशचे भोक ग्रीसच्या निप्पलसमोर आले आहे ना, हे बसवण्यापूर्वीच पाहावे लागते. ते भोक फिरून झाकले गेले, तर नंतर कितीही ग्रीसगन मारली तरी ग्रीस आत जात नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ग्रीसिंग वेळेवर झाल्याचे समाधान मिळते.

सुट्या भागांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबले. तरीही पुढची दोन दशके तिचे भाग मिळत राहिले, आणि त्यामागे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा मोठा हात होता, असे माझे मत आहे. रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाड्यांना टायरॉड एंड, म्हणजे टायरॉडच्या टोकाचे गोळ्याचे सांधे, आणि किंगपिन लागतच होते. त्या ताफ्यातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून बाहेर पडली. आता हे भाग घेणारे उरले ते आमच्यासारखे हौसेने गाडी सांभाळणारे लोक, आणि तेवढ्या मागणीवर कोणी नवा साचा मांडत नाही. नाना पेठेतल्या दुकानांत आजही काही जुना साठा निघतो. तो घेताना पुठ्ठ्याच्या खोक्यावरच्या नावाकडे पाहून भागत नाही. गोळा हाताने फिरवून पाहावा, तो सर्व दिशांना सारखाच जड फिरला पाहिजे, रबर बोटाने दाबल्यावर तडकता कामा नये, कारण कपाटात पडून राहिलेला नवा भागही रबरापुरता जुना झालेला असतो. शिवाय बाजूच्या टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला डावे, जेणेकरून मधला भाग फिरवला की लांबी कमी-जास्त व्हावी. म्हणून दोन्ही प्रकारचे एंड मोजून घ्यावे लागतात.

भाग मिळाला नाही की दुसरी वाट सुचवली जाते. वाटी दाबून गोळा घट्ट करून देतो, किंवा झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून लेथवर तासून देतो, असे सांगणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, आणि दरवाजाची बिजागरी किंवा गिअरचा दुवा असा सांधून घ्यायला माझी हरकत नाही. स्टीअरिंगच्या बाबतीत मात्र माझा याला ठाम विरोध आहे. गोळा जिथे सतत टेकतो तिथेच, म्हणजे मधल्या पट्ट्यात, झिजलेला असतो; वाटी दाबून तो मध्यावर घट्ट केला, की वळणाच्या टोकाला, जिथे तो अजून पूर्ण मापाचा आहे, तिथे अडकू लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने घडीव पोलादाला दिलेले पाणी उतरते, आणि जो भाग वाकायला हवा तो तुटतो. टायरॉड तुटला, की एक चाक चालकाच्या ताब्यात उरत नाही, आणि त्याला दुसरा पर्यायी दुवा या रचनेत नाही. चांगला भाग मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी. मी तशीच ठेवली होती.

नवे एंड बसवण्यापूर्वी जुना एंड किती आटे आत गेलेला होता, ते मोजून खडूने लिहून ठेवायचे. निमुळत्या भोकात रुतलेला जुना एंड काढताना नटावर ठोकायचे नाही. ज्या डोळ्यात तो बसला आहे त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्याने एक नेमका ठोका द्यायचा. डोळा क्षणभर आकार बदलतो आणि पिन सुटून खाली येते. नव्याचा खाचांचा नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक खाचेसमोर आले नाही, तर नट कधीही मागे सोडायचा नाही, पुढेच घट्ट करत खाच जुळवायची. आणि काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही. दोन-चार रुपयांच्या त्या तारेवर अख्खा सांधा विसंबलेला असतो.

आता बॉक्सविषयी. प्ले जाणवला की सर्वांत आधी बॉक्सवरचा स्क्रू आवळून देण्याची पद्धत सर्वत्र दिसते, कारण तो स्क्रू वरून दिसतो, त्याला पाना लागतो आणि काम पाच मिनिटांत होते. स्क्रू आवळला की सेक्टर शाफ्ट वर्मच्या जवळ सरकतो आणि स्टीअरिंग खरोखरच घट्ट वाटते. परंतु वर्मचेही आटे मध्यावरच झिजलेले असतात. मध्यावरचा प्ले नाहीसा होईपर्यंत आवळले, तर दोन्ही टोकांना, न झिजलेल्या आट्यांवर, शाफ्ट जाम होतो. वळणातून बाहेर पडताना स्टीअरिंग आपोआप सरळ यायचे थांबते, आणि बॉक्स थोड्याच काळात निकामी होतो. पुन्हा, ज्या प्लेसाठी हे सगळे केले, त्यातला मोठा हिस्सा टायरॉड आणि आयडलरमध्ये तसाच राहिलेला असतो. म्हणून बॉक्सचा स्क्रू सर्व सांधे नवे झाल्यानंतर, ड्रॉप आर्म सोडवून, थोडा थोडा आवळावा, आणि प्रत्येक वेळी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडकत नाही ना, हे पाहावे. मिस्त्रींनी आमचा स्क्रू अगदी किंचित फिरवला आणि तो सैल होऊ नये म्हणून वरून चेकनट लावून टाकला.

जोडणी करताना बॉक्सचा मध्य साधणे हे अलाइनमेंटच्याही आधीचे काम आहे. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे फिरते ते मोजायचे, त्याचे निम्मे मागे यायचे, आणि बॉक्स या जागी असताना दोन्ही बाजूंचे टायरॉड सारख्या लांबीचे ठेवून चाके सरळ करायची. काही ठिकाणी याउलट केले जाते. चाके कशीही सरळ करतात आणि मग वाकडे दिसणारे स्टीअरिंग दांड्यावरून उपसून सरळ बसवतात. डोळ्यांना ते नीट दिसते, पण गाडी सरळ चालताना बॉक्स आपल्या मध्यावर नसतो आणि एका बाजूला वळायला कमी जागा उरते.

अलाइनमेंटच्या संगणकीय यंत्रांच्या यादीत इतकी जुनी गाडी प्रत्येक ठिकाणी सापडेलच असे नाही, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतले आकडे बरोबर न्यावेत आणि तिथल्या माणसाला तेच भरायला सांगावेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाके समोरून किंचित आत झुकलेली ठेवतात, कारण धावताना रस्त्याचा रोध त्यांना बाहेर ढकलतो आणि सांध्यांतली उरलीसुरली मोकळीक भरल्यावर ती सरळ येतात. मिस्त्रींनी यंत्रावर नेण्याआधी दोरी आणि पट्टी लावून माप घेतले होते, आणि यंत्राला त्यात फारसे बदलावे लागले नाही.

काम झाल्यावर गाडी घेऊन सातारा रस्त्याला गेले. सरळ रस्त्यावर हात नुसते टेकवून ठेवले तरी ती आपली रेषा सोडत नव्हती, शेजारून ट्रक गेल्यावर स्टीअरिंगवर बोटभर दुरुस्ती पुरत होती, आणि ती दुरुस्ती चाकांपर्यंत त्याच क्षणी पोहोचत होती. मला मनापासून आनंद झाला. थोडे अंतर चालल्यावर सगळे चेकनट आणि क्लॅम्प पुन्हा तपासून घेतले, कारण नवे भाग सुरुवातीला आपापल्या जागी बसताना थोडे सैलावतात.

बॉक्सच्या खालच्या बाजूने, सेक्टर शाफ्टच्या सीलमधून, ९० नंबरचे तेल थोडे झिरपते, एवढे काम अजून बाकी आहे. अशा वेळी तेलाऐवजी बॉक्समध्ये ग्रीस भरून देण्याचा सल्ला मिळतो, पण वर्मने एकदा बाजूला सारलेले ग्रीस तेलासारखे वाहत परत आट्यांवर येत नाही आणि आटे कोरडे पडतात. म्हणून तोपर्यंत दर महिन्याला बूच उघडून तेलाची पातळी पाहायची, असे मिस्त्रींनी बजावले आहे. सील गाडीच्या नावाने मागितली तर दुकानदार नाही म्हणतात. तिचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्निअरने मोजून घेतली, तर ऑइल सीलच्या दुकानात त्याच मापाची दुसऱ्या कुठल्या यंत्रासाठी बनवलेली सील मिळू शकते, आणि पुढच्या खेपेला ड्रॉप आर्म उतरवला की तसे माप घेऊनच नाना पेठेत जायचे ठरले आहे.